आमची माती स्टेडियमला गेली

चहा ओता आधी. हा किस्सा कोरड्या घशाने सांगण्यासारखा नाही. आणि मी तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय, त्याला कारण आहे. मी नाही सांगितला तर आमचा बबन सांगतो, आणि त्याच्या तोंडून ऐकलात तर मी आहे त्याच्या दुप्पट येडा वाटतो. दुप्पट नको. आहे तेवढा बास.

तर झालं असं की एका आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमची मी पार वाट लावली. तीही फेटा बांधून. बॅट हातात न धरता, चेंडूला न शिवता. हे कसं जमलं म्हणता? तेच सांगतोय.

मी श्रीगोंदा तालुक्यातला ऊसवाला. गावात मला अण्णा म्हणतात. माणसाला कसला ना कसला अभिमान असतो. कुणाला बैलांचा, कुणाला पोरांच्या मार्कांचा. मला खताचा आहे. माझा शेणखताचा खड्डा बघायला शेजारच्या गावातून लोक येतात, खोटं नाही सांगत. आमची सुमन, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगते की लग्न करून आणल्यावर ह्यांनी मला देवघराच्या आधी उकिरडा दाखवला. तेही खोटं नाही.

बबन माझा बांधाला बांध. शाळेपासूनचा दोस्त, पण शेतीच्या बाबतीत आळशांचा राजा. त्याच्या रानाने खत कधी बघितलेलंच नाही. तीस वर्षं मी त्याला बांधावरून ऐकवत आलोय, "बबन्या, एखादी पाटी तरी टाक रे. जमिनीला काय वाटत आसंल?"

तो बाभळीखाली आडवा होऊन म्हणतो, "अण्णा, जमीन आपली आई हाय. आईला कोन खाऊ घालतं? आईच आपल्याला घालती."



आमच्या दोघांच्या बांधावर, तळ्याच्या खालच्या अंगाला, चिकण मातीचा एक तुकडा आहे. अर्धा माझा, अर्धा त्याचा. पावसाळ्यात तिथं पाय घातला तर चप्पल तिथंच ठेवून यावं लागतं. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की कोंबडीचं पिल्लू आत जाईल. पीक म्हणाल तर काही नाही. पाहुणे शेत बघायला आले की मी त्यांना त्या बाजूला फिरकूसुद्धा देत नसे.

आता आमचे जावई. महेशराव, आमच्या वैशालीचे मालक. पुण्याच्या पलीकडे हायवेला ते मोठं स्टेडियम आहे ना, तिथं ते मैदानावर कामाला. चार वर्षं हंगामी. गवत कापायचं, रोलर फिरवायचा, पाऊस आला की ताडपत्री घेऊन पळायचं. सामन्यात पाऊस आला की सगळा देश हळहळायचा आणि आमच्या घरात आनंद व्हायचा, कारण टीव्हीवर जावई तेव्हाच दिसायचे. सुमन तर म्हणायची, "पडू दे आजून थोडा."

त्यांच्यावर बर्वे साहेब म्हणून होते, खेळपट्ट्या तयार करणारे. ते जुन्या पट्ट्या उकरून नव्या टाकणार होते आणि त्यांना काळी चिकण माती हवी होती. महेशराव बोलून गेले की माझ्या सासऱ्यांच्या रानात तशी माती आहे. साहेब म्हणाले, माती बरोबर निघाली तर तू माझ्या हाताखाली कायम. नाही निघाली तर पुढच्या हंगामाचं आपण बघू.

हे "बघू" म्हणजे काय असतं, ते तुम्हाला आणि मला कळतं. वैशालीला तेव्हा पाचवा महिना लागला होता. लेकीच्या संसाराचा सगळा भार आमच्या त्या नालायक तुकड्यावर येऊन पडला. रात्री झोप लागेना मला.

शिमगा झाल्यावर साहेब माती बघायला आले. उंच, किडकिडीत माणूस, डोक्याला पांढरी गोल टोपी आणि बोलणं मोजूनमापून. मी त्यांना थेट माझ्या उसाच्या रानात नेलं. सरीतली माती उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बघा साहेब. वास घ्या नुसता."

साहेबांनी वास घेतला. बोटांनी माती चुरली. "छान आहे," म्हणाले. "भुसभुशीत आहे. आमच्या काही उपयोगाची नाही."

माझ्या मातीला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. महेशराव हळूच म्हणाले, "मामा, तो तळ्याखालचा तुकडा दाखवा ना."

"पाव्हनं, तितं कुसळ उगवत न्हाई."

"मग तोच दाखवा," साहेब म्हणाले.

तिथं जाऊन त्या माणसाने गुडघे टेकले. टिकावाने हातभर खाली उकरलं, बाटलीतलं पाणी ओतून माती मळली आणि लाडू वळला. बायका बेसनाचा वळतात ना, तसाच. असे चार लाडू करून कागदात गुंडाळून घेऊन गेले. आठवड्याने महेशरावांचा फोन आला. लाडू सावलीत वाळवला, फरशीवर आपटला, फरशीचा टवका उडाला आणि लाडू शाबूत. माती पास.

"मामा, मे महिन्यात डंपर पाठवतो," महेशराव म्हणाले. "साहेबांनी सगळं माझ्यावर सोपवलंय. वरची वीतभर माती बाजूला सारा, खालची उकरून ढीग लावून ठेवा. बाकी काही करू नका. खरंच, काहीच करू नका."

आता इथं जरा थांबा आणि मला एक सांगा. तुमच्या घरी जावई आहे का? जावई काय म्हणतो? दिवाळीला येतो तेव्हा म्हणतो, मामा काही करू नका. धोंड्याच्या महिन्यात बोलावलं तर म्हणतो, मामा खरंच काही करू नका. मग आपण काय करतो? अनारसे करतो, कपडे करतो, चांदीचं ताट नाही जमलं तर निदान वाटी तरी करतो. जावयाने काही करू नका म्हटलं आणि सासऱ्याने खरोखर काही केलं नाही, असं आमच्या भागात झालं तर त्या सासऱ्याचं नाव दहा गावांत निघतं. आणि हे तर दोनदा म्हणाले होते. दोनदा म्हणाले याचा मी काय अर्थ घ्यायचा?

मेच्या सुरुवातीला मी ढीग लावला. संध्याकाळी त्याच्याकडे बघत बसलो आणि मला कसंतरीच वाटायला लागलं. जगभरातले खेळाडू ह्या मातीवर पळणार. आणि मी पाठवणार काय, तर गावातली सगळ्यात फालतू माती. उद्या एखादा गोरा खेळाडू वाकून माती हातात घेईल, वास घेईल, विचारेल की ही कुणाच्या रानातली? साहेब चांगले आहेत, भिडेखातर चालेल म्हणाले असतील. पण आपल्याला काही आहे की नाही?

सुमनला विचारलं. ती म्हणाली, "लेक सासरी धाडताना मोकळ्या हातानं धाडतो का आपून?"

झालं. दुसऱ्या दिवशी खड्ड्याचं तोंड उघडलं. तीन वर्षांचं मुरलेलं शेणखत, चहाच्या पावडरीसारखं. घरी ठेवलेलं सगळ्यात चांगलं. दोन ट्रॉल्या काढल्या, चाळणीने चाळून मातीत असं बेमालूम मिसळलं की मलाच ओळखू येईना. वर तीन पोती गांडूळखत, गांडुळांसकट. शेवटी शेण-गोमूत्र-गुळाचं एक पिंप जीवामृत शिंपडलं. ढीग असा काळाभोर दिसायला लागला की माझे डोळे भरून आले. आता मी सांगतोय आणि तुम्ही हसताय, पण त्या वेळी खरंच भरून आले होते.

डंपर आला त्या दिवशी गाव जमा झालं. बबनने वेशीत फ्लेक्स लावला होता. त्यावर माझा गॉगल घातलेला फोटो, जो मी आयुष्यात कधी काढलेला नाही, आणि खाली लिहिलेलं, "आंतरराष्ट्रीय मातीदाते अण्णा". सुमनने डंपरला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खण ठेवला आणि मातीची ओटी भरली. ओटी गव्हाची. चांगल्या पाच ओंजळी.

मग माझं भाषण. महेशरावांनी फोनवर स्टेडियमची माहिती सांगितली होती, ती मी दोन फुलस्केप कागदांवर उतरवून घेतली होती. मी गावाला सांगितलं की पूर्वी सामने शहराच्या मध्यावरच्या जुन्या मैदानात व्हायचे. सामना असला की अर्धं शहर रस्त्यावर, खेळाडूंची बस रिक्षांच्या मागे अडकलेली, आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर फुकटे प्रेक्षक. म्हणून शहराबाहेर, डोंगराच्या कुशीत, मुरमाड माळावर हे नवं स्टेडियम बांधलं. लोक तेव्हा हसले होते, एवढ्या लांब कोण कडमडायला जातंय म्हणून. पहिल्याच मोठ्या सामन्याला गाड्यांची रांग हायवेपर्यंत लागली. आता तिथं देशोदेशीचे संघ येतात. पुरुषांचे सामने होतात, बायकांचेही होतात. आणि एरवी आपल्यासारख्या तालुक्यातली पोरं-पोरी पाठीला बॅगा लावून निवड चाचणीला येतात. कुणाचं नशीब तिथं उघडतं, कुणाचं तिथंच मिटतं. मैदानाखाली वाळूचे थर आणि नळ्या आहेत, त्यामुळे पाऊस थांबला की घटकाभरात सगळं कोरडं. गवताला सांडपाणी शुद्ध करून घालतात.

"म्हंजी गवताला बारमाही पानी," बबन मधेच म्हणाला, "आनि आपल्या चारीला कॅनॉलचं आवर्तन पोचंना. अण्णा, मातीच्या जागी आपल्यालाच धाडा की तिकडं."

गाव हसलं. मी हात वर करून शांत केलं आणि म्हणालो, "आपल्या गावचं पानी न्हाई पोचलं कुठं, पन आपली माती पोचतीय." टाळ्या पडल्या. डंपर गेला. सुमनने डोळ्याला पदर लावला. काळजी नको, जावई बघतील, असं मी तिला म्हणालो.

पुढचे तीन-चार आठवडे मी कसा वागलो हे सांगायला मला आवडत नाही, पण बबन सांगेलच, म्हणून सांगतो. चहाच्या टपरीवर टीव्ही आहे. तिथं कुठलाही सामना चालू असला, अगदी सातासमुद्रापारचा, तरी चेंडू वळला की मी म्हणायचो, "काळी माती. तिचं कामच तसं आसतं." तांबड्या मातीवर कसं खेळावं हेही सांगायला लागलो होतो. ज्या माणसाने शाळेच्या सामन्यांत कायम पाणी द्यायचं काम केलं, तो आता फिरकीवर मत देत होता.

आणि मग महेशरावांचा फोन आला.

"मामा, जरा इकडे यायला जमेल का? साहेबांनी बोलावलंय तुम्हाला. समक्ष."

आवाज जरा बारीक होता. मला वाटलं, भरून आलं असेल.

"येतो की. काय घेऊन येऊ?"

"काही नको मामा," ते म्हणाले. "काहीच आणू नका."

मी फोन ठेवला आणि सुमनला सांगितलं, "सत्कार हाय." समक्ष बोलावलंय म्हणजे दुसरं काय असणार? बातमी गावात गेली. एकटं जाणं बरं दिसणार नव्हतं. बबनने क्रूझर ठरवली. मी, सुमन, बबन आणि वर आठ माणसं. पुरुषांनी सगळ्यांनी फेटे बांधले, माझा केशरी. साहेबांसाठी शाल आणि नारळ. माझ्या खिशात ते दोन फुलस्केप, कारण सत्काराला उत्तर द्यावं लागतं.

स्टेडियमच्या फाटकावर महेशराव उभे होते. क्रूझरमधून एकामागून एक फेटे उतरायला लागले, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मामा, एवढे लोक कशाला?"

"गावची माती हाय. गावानं बघावी."

"आधी तुम्ही एकटेच आला असतात तर..."

"छ्या. सगळेच चला रे."

आत गेलो आणि खरं सांगतो, पायच थबकले. एवढं मोठं हिरवं रान आणि त्यात एक ऊस नाही. वर पांढरी छपरं, चहूबाजूंना रिकाम्या खुर्च्या, मोजता येणार नाहीत इतक्या.  सुमन हळूच म्हणाली, "आवो, एवढ्या खुर्च्या पुसतं कोन?"

मोठ्या मैदानाच्या शेजारी, जाळी लावून, सरावाच्या पट्ट्या होत्या. नवी माती आधी तिथं टाकून बघतात. बर्वे साहेब हात मागे बांधून उभे होते, पाठ आमच्याकडे. त्यांच्यापुढे तीन पट्ट्या. दोन सावळ्या, गुळगुळीत, सारवलेल्या अंगणासारख्या.

तिसरी हिरवी.

ज्या टोकाला स्टंप लावतात तिथं कोवळा गहू उगवला होता, दाट, ओळीत. दोन्ही कडांना तांदुळजा, भाजी होईल एवढा. आणि मधोमध, जिथं चेंडू टप्पा खातो ना तिथं, डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा वेल. चांगला दोन हात पसरलेला. पिवळी फुलं लागलेली.

आमच्या आठ माणसांतला एकजण मागून म्हणाला, "अण्णा, जोम काय हाय."

आणि मी काय केलं माहितीय का? सवय वाईट. खाली बसलो, वेलाचं पान चिमटीत धरून बघितलं आणि म्हणालो, "साहेब, ह्याला पान्याचा ताण बसलाय."

साहेब सावकाश वळले. माझा फेटा बघितला. मागचे फेटे बघितले. शाल बघितली, नारळ बघितला.

"या अण्णा," ते म्हणाले. "तुमच्या शेतात स्वागत आहे."

 बबन जाळीला टेकला होता, त्याने फेट्याचा शेमला तोंडात कोंबला.

"रोज सकाळी रोलर फिरवतो," साहेब शांतपणे सांगायला लागले. "झोपतं सगळं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं. परवा आमच्या गोलंदाजाने चेंडू टाकला, तो टप्पा पडला तिथंच बसला. उचलायला गेलो तर खाली गांडूळ. अण्णा, इथं चेंडू फलंदाजाच्या तोंडाशी येतो. खाली गांडुळाचं बीळ असलं तर त्याचे दात जातील. मला सांगा, मी तपासली तेव्हा ही माती मेलेली होती. पिचला मेलेलीच माती लागते. त्यात काडी नको, मूळ नको, जीव नको. मग मधे काय झालं? मी महेशला पंधरा दिवस विचारतोय. तो म्हणतो, माझी चूक झाली. काय चूक, ते सांगत नाही."

मी महेशरावांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

त्यांना कळलं होतं हो. माझ्या खड्ड्यातलं खत त्यांनी ओळखलं नसेल का? डंपर रिकामा केला तेव्हाच नाही, तरी पहिला कोंब आला तेव्हा ओळखलं असणार. पण पंधरा दिवस, कायम व्हायची नोकरी हातातून जात असताना, त्यांनी सासऱ्याचं नाव साहेबांपुढे काढलं नव्हतं. मी मात्र टपरीवर फिरकी शिकवत होतो. आयुष्यात खूपदा लाज वाटली असेल, पण अशी नाही वाटली.

मी फेटा काढला.

"साहेब, ह्यांनी कायबी केलं न्हाई," मी म्हणालो. "ह्यांनी दोनदा सांगितलं हुतं, काय करू नका म्हनून. आमालाच न्हाई कळलं. खत मी घातलंय."

"किती?"

"दोन ट्रॉल्या शेनखत. मुरल्यालं. तीन पोती गांडूळखत. वर पिंपभर जीवामृत." खोटं बोलवेना, आणि थोडा अभिमानही राहिला होता, काय करू? "घरातलं सगळ्यात चांगलं घातलं साहेब. कच्चं न्हाई."

"आनि गहू माझा," सुमन पुढे होऊन म्हणाली. "ओटीचा. त्यात ह्यांचा दोष न्हाई."

"डांगर?" साहेबांनी विचारलं.

"ते शेनखतातून आलं आसंल. आमच्यात म्हशीला डांगर घालत्यात."

साहेबांनी आमच्याकडे पाठ फिरवली. खांदे हलायला लागले. मला वाटलं, माणूस रडतोय. पुढे जाऊन बघतो तर हसतायत. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "अहो, मोठ्या मैदानावर गवत धरत नाही म्हणून मी आयुष्यभर रडलो. आणि तुम्ही पिचवर भाजी काढलीत."

"साहेब, जावयांची नोकरी..." मी हात जोडले.

"महेशने आणलेला नमुना बरोबर होता. माणूस मातीची पारख करतो, त्याचं काम तेवढंच. सासऱ्याची पारख हे माझ्या खात्यात येत नाही." मग ते महेशरावांकडे वळले. "पण मला माती हवीच आहे. त्याच तुकड्यातली, खाली राहिलेली. या वेळी तू स्वतः उभा राहा. जमेल?"

महेशरावांच्या तोंडावर रंग आला. "जमेल साहेब. मामा, खाली माती आहे ना अजून?"

मी हातातल्या फेट्याची घडी घालायला लागलो.

"मामा?"

"हाय," मी म्हणालो. "पन खड्डा पडला हुता ना. बरं दिसंना. म्हनून त्यात..."

"खत?" साहेबांनी विचारलं.

"चार ट्रॉल्या. डांगरच लावलंय तितं."

 महेशरावांनी डोळे मिटले. साहेबांनी टोपी काढून परत घातली. मग फारशी उमेद न ठेवता विचारलं, "शेजारी कुणाची जमीन आहे का? तशीच? जिला कुणी खत घातलेलं नाही?"

अकरा माणसं होतो आम्ही. दहा जणांनी एकदम मान वळवली.

बबनने तोंडातून शेमला काढला. फेटा नीट केला. दोन पावलं पुढे आला आणि छाती काढून म्हणाला, "साहेब, माझी हाय. बांधाला बांध. आमच्या आज्यापासनं एक पाटी खत न्हाई."

"नक्की?"

"ह्या अण्णांना इचारा. तीस वर्सं मला त्यावरनं शिव्या घालत्यात."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? जावयाच्या नोकरीचा प्रश्न होता. गावातल्या नऊ माणसांसमोर, माझ्या बायकोसमोर, मला बबनच्या आळसाचं सर्टिफिकेट द्यावं लागलं. "व्हय साहेब," मी म्हणालो. "ह्याच्या रानात कायबी घातल्यालं न्हाई. ह्याच्यासारकं मेलेलं रान तालुक्यात घावायचं न्हाई."

आणलेली शाल साहेबांनी माझ्याच हातात दिली. म्हणाले, "ह्यांच्या खांद्यावर घाला." मी बबनच्या खांद्यावर घातली. नारळ त्याने स्वतःच घेतला.

पुढच्या आठवड्यात महेशराव गावी आले. या वेळी मला म्हणाले, "मामा, काही करू नका," आणि मी खरोखर काही केलं नाही. तरी जोखीम नको म्हणून सुमनने मला घरात बसवलं आणि दाराशी शेंगा निवडत बसली. माती उकरली, चाळली, डंपरात भरली. लाडू वळला, आपटला, शाबूत राहिला. महेशराव कायम झाले. वैशालीला मुलगी झाली, नातीचं बारसं दणक्यात केलं. तिथं मात्र मला कुणी काही करू नका म्हणालं नाही.

वेशीतला फ्लेक्स बदलला. गॉगल तोच, आत तोंड बबनचं. नव्या डंपराला निरोप द्यायला पुन्हा गाव जमा झालं, आणि स्टेडियमचा इतिहास कुणाला पाठ होता? मलाच. ते दोन फुलस्केप मी दुसऱ्यांदा वाचले, शेवटी "आपले बबनराव" म्हणून.

वर्षभराने त्या पट्टीवर मोठा सामना झाला. सगळं गाव बबनच्या पडवीत टीव्हीपुढे. चेंडू असा वळला की फलंदाज बघतच राहिला. टीव्हीवाले म्हणाले, खेळपट्टी उत्तम आहे. बबन लोडाला टेकून म्हणाला, "आपली माती हाय."

तेवढ्यात महेशरावांचा फोन आला. "मामा, बघताय ना? तुमचीपण माती आहे हं इथं. साहेबांनी फेकून देऊ दिली नाही. कुंड्यांत भरली. इतकी शेवंती फुललीय, काय सांगू."

मला एकदम उभारी आली. मी फोनचा आवाज मोठा केला, सगळ्या पडवीला ऐकू जाईल असा. "कुठं ठेवल्यात कुंड्या? टीव्हीत दिसतील का?"

 "नाही मामा," ते म्हणाले. "खेळाडूंच्या संडासाबाहेर आहेत."

आता सामना लागला की मी गप्प बसतो. चेंडू वळला की बबन म्हणतो, "आपली माती." मी मान डोलावतो. फक्त चहाची सुट्टी झाली आणि खेळाडू घाईघाईने आत पळायला लागले, की सुमन मला कोपराने ढोसते आणि म्हणते, "बघा, निघाले तुमच्याकडं."